वाचकांचे प्रश्न : प्रौढ आशयाचा फिल्टर कुठे लावावा, कधी काढावा?

शाळांना सुट्ट्या लागल्या की या सदराकडे येणाऱ्या पत्रांत घरातल्या पडद्यांविषयीचे प्रश्न वाढतात. यंदाच्या पत्रांतून निवडलेल्या प्रश्नांना येथे उत्तरे दिली आहेत. पत्रलेखकांची नावे त्यांच्या विनंतीवरून वगळली आहेत.

प्रश्न : मी माझ्या मोबाइलवरील यूट्यूबमध्ये ‘प्रतिबंधित मोड’ (प्रौढ आशयाचे व्हिडिओ गाळणारी सेटिंग) चालू केला आहे. तरीही माझा नऊ वर्षांचा नातू टीव्हीवर भुताखेतांचे आणि रक्तपाताचे व्हिडिओ पाहताना आढळतो. सेटिंग बिघडली आहे का?
– एक आजोबा, सांगली

उत्तर : सेटिंग बिघडलेली नाही. ती फक्त तुमच्या मोबाइलपुरती लागू आहे. मोबाइल आणि टीव्ही या दोन्हींवर तुमचेच खाते उघडलेले असले, तरी मोबाइलवर चालू केलेला प्रतिबंधित मोड टीव्हीवर आपोआप चालू होत नाही, कारण तो त्या त्या उपकरणावर, आणि संगणकावर त्या त्या ब्राउझरमध्ये, स्वतंत्रपणे चालू करावा लागतो. एकाच संगणकावर दोन ब्राउझर असतील किंवा एका ब्राउझरमध्ये घरातल्या दोघांची वेगवेगळी प्रोफाइल असतील, तर प्रत्येक ठिकाणी तो वेगळा लावावा लागतो. आमच्याकडे येणाऱ्या तक्रारींपैकी बहुतेकांचे मूळ या एका गोष्टीत सापडते.

टीव्हीवर यूट्यूब उघडून डाव्या बाजूच्या पट्टीत अगदी खाली ‘सेटिंग्ज’पर्यंत जावे; तेथे प्रतिबंधित मोडचा पर्याय दिसतो. मोबाइलवर तो सेटिंग्जमधील ‘सामान्य’ या विभागात असतो आणि संगणकावर उजव्या कोपऱ्यातील तुमच्या चित्रावर क्लिक केल्यावर उघडणाऱ्या यादीच्या तळाशी असतो. मात्र टीव्हीवर हा पर्याय ज्या सहजतेने चालू होतो, त्याच सहजतेने बंदही होतो आणि रिमोट नातवाच्याच हातात असतो, हे लक्षात घेतले पाहिजे.

म्हणून नऊ वर्षांच्या मुलासाठी प्रतिबंधित मोडवर विसंबून राहू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. हा मोड म्हणजे चाळण आहे. व्हिडिओचे शीर्षक, वर्णन, त्याला जोडलेली इतर माहिती आणि वयोमर्यादेची खूण अशा गोष्टी पाहून यंत्रणा काही व्हिडिओ बाजूला काढते, आणि चाळणीतून काही खडे खाली पडतात, तसे काही दाणेही वर अडकून राहतात. भाषा व संस्कृतीनुसार या मोडची गुणवत्ता कमी-अधिक असू शकते, हे यूट्यूबने स्वतःच सांगितले आहे. मराठी व्हिडिओंच्या बाबतीत हे ध्यानात ठेवणे अधिक गरजेचे आहे, कारण आपल्याकडे एखादी भीषण अपघाताची चित्रफीतसुद्धा ‘नक्की बघा’ एवढ्याच शीर्षकाखाली टाकलेली असते आणि त्या शीर्षकावरून आत काय आहे, याचा अंदाज माणसालाही येत नाही.

नातवासाठी मोबाइलवर ‘यूट्यूब किड्स’ हे वेगळे अॅप घ्यावे; टीव्हीवर ते आता मुख्य यूट्यूब अॅपमधूनच उघडावे लागते. त्यात चार वर्षांपर्यंत, पाच ते आठ आणि नऊ ते बारा असे वयोगट निवडता येतात. याशिवाय पालकांनी स्वतः निवडून मंजूर केलेले व्हिडिओ आणि चॅनेलच दिसतील, अशीही सोय आहे. ती वेळखाऊ असली, तरी लहान मुलांसाठी सर्वांत भरवशाची आहे. एक बारीकशी गोष्ट मात्र विसरू नये. या अॅपमधील पालकांच्या सेटिंग्ज उघडताना मुळात गुणाकाराचे एक उदाहरण विचारले जाते. ज्याचे पाढे पाठ आहेत, अशा मुलाला ते सोडवायला कितीसा वेळ लागणार? तेथेच स्वतःचा सांकेतिक क्रमांक ठरवण्याचा पर्याय असतो. तो क्रमांक ठेवावा आणि घरातल्या कोणाचेही जन्मवर्ष त्यासाठी वापरू नये.

प्रश्न : माझ्या घरात लहान मूल नाही. तरीही काही दिवसांपासून यूट्यूबवर एकाही व्हिडिओखाली प्रतिक्रिया दिसत नाहीत आणि शोधलेली काही व्याख्याने सापडत नाहीत. प्रतिबंधित मोड बंद करायला गेलो, तर तो बंदच होत नाही. मी ज्येष्ठ नागरिक आहे. माझ्यावर हे बंधन कोणी घातले?
– निवृत्त बँक कर्मचारी, नाशिक

उत्तर : सर्व व्हिडिओंखालच्या प्रतिक्रिया नाहीशा होणे, ही प्रतिबंधित मोड चालू असल्याची ठळक खूण आहे. फक्त बालगीतांसारख्या व्हिडिओंखालीच प्रतिक्रिया नसतील, तर मात्र कारण वेगळे असते. ‘मुलांसाठी’ अशी नोंद असलेल्या व्हिडिओंवर २०२० सालापासून प्रतिक्रियांची सोयच ठेवलेली नाही आणि त्याचा तुमच्या सेटिंगशी काही संबंध नाही.

मोड बंद होत नसेल, तर तो तुमच्या उपकरणाबाहेरून लादला गेला आहे, असे समजावे. त्याची तीन कारणे सहसा आढळतात. पहिले म्हणजे तुम्ही वापरत असलेले वायफाय. महाविद्यालये, ग्रंथालये आणि कार्यालये आपल्या संपूर्ण नेटवर्कवरच हा मोड सक्तीचा करू शकतात आणि काही सोसायट्यांमध्ये किंवा केबलवाल्यांकडून मिळणाऱ्या जोडणीत राउटरवर कौटुंबिक फिल्टर आधीपासून लावलेला असू शकतो. दुसरे कारण म्हणजे खाते. तुम्ही चुकून एखाद्या संस्थेने दिलेल्या खात्यातून यूट्यूब पाहत असाल, तर त्या संस्थेचे नियम तुमच्याबरोबर घरीही येतात. तिसरे कारण म्हणजे संगणकावर बसवलेला एखादा सुरक्षा प्रोग्रॅम, ज्यातील ‘पालक नियंत्रण’ हा भाग कोणाच्याही नकळत चालू राहिलेला असतो.

कारण ओळखण्याची पद्धत सोपी आहे. वायफाय बंद करून मोबाइलच्या डेटावर तोच व्हिडिओ शोधावा. तो दिसला, तर बंधन नेटवर्कचे आहे आणि ते राउटर बसवणाऱ्यालाच काढायला सांगावे लागेल. डेटावरही दिसला नाही, तर खात्यातून बाहेर पडून पुन्हा पाहावे.

एक फरक येथे नमूद करतो. ‘हा व्हिडिओ काही वापरकर्त्यांसाठी अयोग्य असू शकतो’ अशी सूचना येऊन खात्यात प्रवेश करण्यास सांगितले जात असेल, तर तो प्रतिबंधित मोडचा परिणाम नव्हे. तो व्हिडिओ अठरा वर्षांवरील प्रेक्षकांसाठी राखलेला असतो आणि खात्यातील जन्मतारखेवरून वय तपासले जाते. कित्येक ज्येष्ठांची खाती मुलांनी किंवा दुकानदाराने घाईघाईत, मनाला येईल ते जन्मवर्ष टाकून उघडून दिलेली असतात. एकदा आपली जन्मतारीख तपासून घ्यावी.

प्रौढ माणसाने हा मोड बंद ठेवण्यात गैर काहीही नाही, हेही सांगावेसे वाटते. पत्रात तुम्ही जो संकोच व्यक्त केला आहे, त्याचे कारण नाही.

प्रश्न : आमच्या घरी एकाच वर्गणीवर सगळे पाहतात. मुलगी अकरा वर्षांची आणि मुलगा सोळा वर्षांचा आहे. ‘यू/ए १३+’, ‘यू/ए १६+’ या खुणांना काही कायदेशीर अर्थ आहे का, आणि दोघांसाठी वेगवेगळी मर्यादा कशी ठेवावी?
– एक आई, ठाणे

उत्तर : केंद्र सरकारने २५ फेब्रुवारी २०२१ रोजी माहिती तंत्रज्ञानविषयक नवे नियम प्रसिद्ध केले. त्यांतील आचारसंहितेनुसार ओटीटी मंचांनी (इंटरनेटवरून चित्रपट-मालिका दाखवणाऱ्या सेवांनी) आपल्या चित्रपट-मालिकांचे स्वतःच पाच गटांत वर्गीकरण करायचे असते : सर्वांसाठी ‘यू’, त्यानंतर ‘यू/ए ७+’, ‘यू/ए १३+’, ‘यू/ए १६+’ आणि केवळ प्रौढांसाठी ‘ए’. विषय व संदेश, हिंसा, नग्नता, लैंगिकता, भाषा, अमली पदार्थ आणि भयप्रदता या कसोट्यांवर हे वर्गीकरण होते. तेराच्या खुणेपासून पुढच्या आशयासाठी पालकांच्या ताब्यातील कुलपाची सोय उपलब्ध असावी आणि ‘ए’ गटासाठी वय पडताळण्याची खात्रीशीर व्यवस्था असावी, असेही त्यात म्हटले आहे. चित्रपटगृहातील चित्रपटांना प्रमाणपत्र सेन्सॉर बोर्ड देते, मालिकेवरची खूण मात्र मंचाने स्वतः ठरवलेली असते. म्हणून दोन मंचांवरच्या एकाच खुणेचा आशय तंतोतंत सारखा असेल, असे धरून चालू नये. यूट्यूबवरील सर्वसाधारण व्हिडिओ लोकांनी चढवलेले असतात आणि ते या वर्गीकरणाच्या कक्षेत येत नाहीत, त्यामुळे त्यांवर अशा खुणा दिसत नाहीत.

या खुणेशेजारी बारीक अक्षरांत दोन-चार शब्द येतात : ‘हिंसा’, ‘शिवीगाळ’, ‘आत्महत्या’, ‘धूम्रपान’. माझ्या मते आकड्यापेक्षा हे शब्द अधिक कामाचे आहेत. एखाद्या मुलीला तलवारबाजी पाहून काहीच वाटत नाही, पण आई-वडिलांच्या कडाक्याच्या भांडणाचे दृश्य पाहून ती रात्रभर झोपत नाही. सोळा किंवा तेरा हा आकडा सगळ्या मुलांसाठी काढलेला असतो, तुमच्या मुलीचा स्वभाव मात्र तुम्हालाच ठाऊक असतो.

आता प्रत्यक्ष मांडणीकडे येऊ. नेटफ्लिक्सवर वयाची मर्यादा प्रत्येक प्रोफाइलला स्वतंत्रपणे लावता येते. ती ब्राउझरमध्ये खात्याचे पान उघडून आणि पासवर्ड देऊन ठरवावी. मुलीच्या प्रोफाइलला ‘यू/ए ७+’ ही मर्यादा ठेवली, तर त्यावरच्या वयोगटातील नावे तिला दिसतच नाहीत. याशिवाय एखादे विशिष्ट नाव वगळायचे असेल, तर तेही त्याच ठिकाणी टाकता येते. मुलाच्या प्रोफाइलला ‘यू/ए १६+’ ठेवावे.

एवढे करून बहुतेक पालक थांबतात आणि खरी त्रुटी तेथेच राहते. मुलांची प्रोफाइल बंदिस्त केली, पण आई-वडिलांचे प्रोफाइल उघडेच ठेवले, तर टीव्ही सुरू होताच ‘कोण पाहत आहे?’ या पडद्यावर मुलगी आपल्या चित्राऐवजी तुमच्या चित्रावर बटण दाबू शकते आणि तिला कोणीही अडवत नाही. म्हणून चार आकडी पिनचे कुलूप मुलांच्या नव्हे, तर मोठ्यांच्या प्रोफाइलला लावावे. नवे प्रोफाइल तयार करतानाही पिन विचारला जावा, असा पर्याय कुलपाच्या पानावर दिसल्यास तोही निवडावा. नाहीतर मुले मर्यादा नसलेले प्रोफाइल बनवून मोकळी होतात. यादी चाळताना आपोआप सुरू होणाऱ्या झलका बंद करण्याची सोयही प्रोफाइलच्या सेटिंग्जमध्ये आहे. मोठ्यांच्या प्रोफाइलवर काही शोधत असताना मुले शेजारी बसलेली असतील, तर ही सोय फार उपयोगी पडते.

प्राइम व्हिडिओवर मुलांचे वेगळे प्रोफाइल करता येते आणि ठरावीक वयोगटापुढच्या आशयासाठी पिनही ठेवता येतो. हे निर्बंध कोणत्या उपकरणांवर लागू होणार, हे त्याच पानावर निवडायचे असते. तुम्ही टीव्हीला जोडायची अॅमेझॉनची ‘फायर टीव्ही स्टिक’ वापरत असाल, तर तिच्या स्वतःच्या सेटिंग्जमध्ये जाऊन निर्बंध वेगळे लावावे लागतात. जिओहॉटस्टारवरही मुलांचे प्रोफाइल आणि पालकांचा पिन या दोन्ही सोयी आहेत.

प्रश्न : मी दहावीला विज्ञान शिकवते. शाळेच्या जोडणीवर मानवी प्रजननसंस्थेचे शैक्षणिक व्हिडिओ उघडत नाहीत. मुख्याध्यापक फिल्टर काढायला तयार नाहीत. काय करावे?
– एक शिक्षिका, चिपळूण

उत्तर : तुमची अडचण मला या सर्व पत्रांत सर्वांत गंभीर वाटते. सजीवांतील प्रजनन हा विषय राज्य मंडळाच्या दहावीच्या विज्ञानाच्या पुस्तकात आहे, त्यावर परीक्षेत प्रश्न येतात, आणि तरीही त्याच विषयाचे चांगले व्हिडिओ वर्गात अडवले जातात; कारण फिल्टरला शरीराच्या अवयवाचे नाव दिसते, ते नाव कोण कशासाठी घेत आहे हे त्याला पुरेसे कळत नाही. मासिक पाळी, स्तनांचा कर्करोग, बाललैंगिक अत्याचारापासून संरक्षण, युद्धांचा आणि जातीय अत्याचारांचा इतिहास, हे सगळे विषय याच कात्रीत सापडतात. मुलांना ज्या माहितीची नितांत गरज आहे, तीच नेमकी अडकते.

हा दोष जुना आणि सर्वज्ञात आहे. मार्च २०१७ मध्ये समलिंगी व पारलिंगी समुदायातील अनेक निर्मात्यांनी आपले निरुपद्रवी व्हिडिओ प्रतिबंधित मोडमध्ये दिसेनासे झाल्याचे दाखवून दिले. यूट्यूबने चूक मान्य केली आणि पुढच्याच महिन्यात केलेल्या दुरुस्तीनंतर सुमारे १ कोटी २० लाख व्हिडिओ त्या मोडमध्ये पुन्हा उपलब्ध झाल्याचे जाहीर केले. एका दुरुस्तीत एवढे व्हिडिओ मोकळे होतात, यावरून किती काही विनाकारण अडले होते, याची कल्पना येते.

मुख्याध्यापकांपुढे ‘फिल्टर ठेवा’ किंवा ‘काढा’ एवढे दोनच पर्याय ठेवू नका. संस्थांसाठी यूट्यूबच्या निर्बंधाच्या ‘कडक’ आणि ‘मध्यम’ अशा दोन पातळ्या आहेत. मध्यम पातळीवर बरेच अधिक व्हिडिओ दिसतात आणि शाळेचे नेटवर्क सांभाळणारी व्यक्ती एका ठिकाणी बदल करून ही पातळी बदलू शकते. शाळा गूगलची शैक्षणिक खाती वापरत असेल, तर आणखी चांगला मार्ग आहे : ठरावीक शिक्षकांना व्हिडिओ मंजूर करण्याचा अधिकार देता येतो आणि त्यांनी मंजूर केलेला व्हिडिओ, फिल्टर चालू असतानाही, शाळेच्या खात्यातून विद्यार्थ्यांना दिसतो. तुमच्या प्रकरणाला आवश्यक असलेले तीन-चार व्हिडिओ आधी घरी पूर्ण पाहून, त्यांची यादी आणि पाठ्यपुस्तकातील संबंधित पृष्ठक्रमांक अर्जासोबत जोडून मुख्याध्यापकांकडे हा अधिकार मागावा. पाठ्यक्रमाचा आधार असलेला लेखी अर्ज फेटाळणे त्यांनाही अवघड जाईल आणि उद्या एखाद्या पालकाने हरकत घेतलीच, तर त्यांच्या हातीही काहीतरी असेल.

प्रश्न : मुलगा पंधरा वर्षांचा आहे. त्याच्या फोनवर सर्व फिल्टर लावले आहेत, पण तो ब्राउझरची ‘इनकॉग्निटो’ (खासगी) खिडकी उघडतो आणि सगळे निष्फळ ठरते. संपूर्ण घराच्या इंटरनेटवरच बंदी घालता येईल का?
– एक वडील, नागपूर

उत्तर : काही प्रमाणात घालता येते. इनकॉग्निटो खिडकीत ब्राउझरच्या नेहमीच्या नोंदी वापरल्या जात नाहीत, म्हणून तेथे प्रतिबंधित मोडही नसतो. गूगलच्या ‘फॅमिली लिंक’ या पालकांसाठीच्या देखरेख सेवेखाली असलेल्या मुलाच्या खात्यात क्रोमची ही खिडकी उघडत नाही. तसेच तेथून त्याच्या खात्यावर लावलेला प्रतिबंधित मोड तो ज्या ज्या उपकरणावर ते खाते उघडेल, तेथे लागू राहतो आणि त्याला स्वतःला काढता येत नाही.

घरभर बंदीसाठी राउटरमध्ये डीएनएस (संकेतस्थळाच्या नावावरून त्याचा पत्ता शोधून देणारी सेवा) बदलण्याचा उपाय आहे. उदाहरणार्थ, क्लाउडफ्लेअर या कंपनीने एप्रिल २०२० मध्ये कुटुंबांसाठी मोफत सेवा सुरू केली, राउटरमध्ये १.१.१.३ हा पत्ता टाकला की प्रौढ आशयाची माहीत असलेली संकेतस्थळे त्या वायफायवर उघडत नाहीत. मात्र डीएनएसला फक्त संकेतस्थळाचे नाव कळते. त्या संकेतस्थळावरचा नेमका कोणता व्हिडिओ मागितला जात आहे, हे त्याला दिसत नाही, त्यामुळे एखाद्या ओटीटी मंचावरील एकच मालिका या मार्गाने अडवता येत नाही. शिवाय मुलाने वायफाय सोडून मोबाइलचा डेटा चालू केला, की राउटरवरची बंदी लागूच होत नाही. मित्राच्या फोनविषयी तर बोलायलाच नको.

पंधराव्या वर्षी मी तुम्हाला वेगळा सल्ला देईन. अश्लील संकेतस्थळांवरची घरभर बंदी ठेवावी आणि तशी ती ठेवली आहे, हे त्याला सांगावे. चित्रपट-मालिकांची मर्यादा मात्र तेरावर अडवून न ठेवता त्याला समोर बसवून ‘यू/ए १६+’पर्यंत वाढवावी आणि सेटिंग बदलताना पडदा त्यालाही दिसू द्यावा. चोरून लावलेला फिल्टर एक ना एक दिवस सापडतो आणि मग मुलगा त्याविषयी तुमच्याशी बोलत नाही, वाट शोधतो. आपण पाहिलेले एखादे दृश्य सहन झाले नाही, हे त्याने घरी येऊन सांगितले, तर त्याला पुढच्या वेळी बंदी मिळणार नाही, एवढी खात्री त्याला हवी असते.

प्रश्न : सर्वांसाठी अशी खूण असलेल्या एका मालिकेत मुलांसोबत पाहू नये अशी दृश्ये आढळली. तक्रार कोठे करावी?
– एक वाचक, पणजी

उत्तर : प्रथम त्या मंचाच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे करावी. वर उल्लेखिलेल्या २०२१ च्या नियमांत तीन पायऱ्या सांगितल्या आहेत : प्रकाशकाने पंधरा दिवसांत निर्णय कळवावा, समाधान न झाल्यास त्याच्या स्व-नियमन संस्थेकडे जावे, आणि सर्वांत वर सरकारची देखरेख. यातली मेख अशी की ऑगस्ट २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने या नियमांपैकी नियम ९ च्या उपनियम १ व ३ ना स्थगिती दिली आणि ही त्रिस्तरीय रचना त्याच तिसऱ्या उपनियमातून येते. त्यामुळे कायद्याचा धाक दाखवून पत्र लिहिण्यापेक्षा नेमकी माहिती देऊन लिहिणे अधिक परिणामकारक ठरते, कारण मोठ्या मंचांनी तक्रार अधिकारी नेमलेले आहेत आणि डिजिटल पब्लिशर कंटेंट ग्रीव्हन्सेस कौन्सिल ही स्व-नियमन संस्थाही अस्तित्वात आहे.

‘मालिका घाणेरडी आहे’ असे लिहिल्यास साचेबद्ध उत्तर येते. भागाचा क्रमांक, दृश्य नेमके कितव्या मिनिटाला सुरू होते, त्यावर दिसलेली खूण आणि तुमच्या मते ती कोणत्या कसोटीवर चुकीची आहे, एवढे चार मुद्दे लिहावेत आणि खूण दिसत असलेल्या पडद्याचे छायाचित्र जोडावे. मालिका काढून टाकण्याची मागणी करू नये. खूण ‘यू’वरून ‘यू/ए १३+’ करावी आणि आशयाच्या वर्णनात योग्य शब्द घालावा, अशी मागणी करावी. ती मान्य झाली, तर ज्या ज्या घरांत मुलांच्या प्रोफाइलला मर्यादा लावलेली आहे, त्या सर्व घरांतून ती मालिका मुलांच्या यादीतून दिसेनाशी होईल आणि मोठ्यांना मात्र ती पूर्वीप्रमाणेच पाहता येईल.